अनुभव धागा: मैदानी चाचणी आणि त्यापुढची नोकरी

धाकटी बहीण आठ महिने पहाटे पाचला उपवनला धावतेय. पोलीस भरती. मी स्टॉपवॉच घेऊन कट्ट्यावर बसते. परवा एक काका म्हणाले, "मुलींना काय, निम्मंच पळायचं." मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० हे खरंच आहे. गोळाही त्यांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. बहीण घरी येईपर्यंत गप्प होती. तिचं ते गप्प बसणं मला लागलं. ठाणे-नवी मुंबईत अंगमेहनतीची, जोखमीची नोकरी करणाऱ्यांनी लिहा: भरतीचा निकष आणि रोजचं काम यांचा मेळ बसतो का? नावं गाळा.

पोलीस शिपाई, नवी मुंबई
ताई, बहिणीला सांगा, ८०० म्हणजे १६०० चं निम्मं नव्हे. १६०० ला पहिला राउंड दम राखून मारता येतो, ८०० ला ती उसंतच नाही. आणि विसर्जनाच्या बंदोबस्ताला मी चौदा तास उभी होते, ते कुणी निम्मं केलं नाही. उभं राहणं जमतं. बाथरूमची सोय नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, त्याने डोकं धरतं.

अग्निशमन, ठाणे जिल्हा
आमच्या कामात निकष सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही. ६३ मिलिमीटर व्यासाचा, १५ मीटर लांब होज, म्हणजे आग विझवायचा पाइप, भरला की आत जवळजवळ ४७ लिटर पाणी असतं. तो जिन्यावरून ओढायचाच असतो, बाई असो की बुवा. हर्षिनी कान्हेकर २००२ साली नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात गेल्या, तिथली पहिली मुलगी. ड्रिल त्यांनी मुलांच्या बरोबरीनेच केलं.

ट्रेनिंगला माणूस खांद्यावर उचलताना मी दोनदा कोलमडले. आमचे उस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, "पाठीने नको उचलूस पोरी, खाली बस, वजन कमरेवर घे, पायाने उठ." तिसऱ्यांदा ऐंशी किलोचा गडी उचलला.

अडलं ते बुटांवर. माझा पाय पाच नंबरचा, हातात आले आठ नंबरचे गमबूट. दोन-दोन मोजे चढवले, पुढे कापडाचा बोळा कोंबला, तरी ओल्या जिन्यावर टाच आत सरकायची. मी घसरले. शेरा काय पडला? "ताकद कमी." तो शेरा आजही सलतो. मापाचे बूट यायला दीड वर्ष लागलं.

माथाडी कामगाराचा मुलगा, वाशी
माझ्या वडिलांनी शंभर किलोची गोणी पाठीवर वाहिली. आता मार्केटात पन्नासची असते. ओझं निम्मं झालं, पण म्हणून माथाडी कमजोर झाले असं कुणी म्हणत नाही. माणसाची पाठ वाचली एवढंच म्हणतात.

हवालदार, ठाणे
बाईमाणूस म्हणून टेबलाला बसवू नका. रात्रपाळी आमच्यावर चढते आणि त्या पोरींचं शिकायचंही राहतं. दोघांचं नुकसान.

धागाकर्ती
बहिणीने सगळं वाचलं, हवालदारदादांचं तर दोनदा. अग्निशमनवाल्या ताई, ते कमरेवर वजन घेणं नेमकं कसं, सविस्तर लिहाल का? गोळा फेकताना तिची पाठ भरून येते.