मदत हवी आहे: टेकडीवरची रोपं जूनपर्यंत कशी जगवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं कोथरूडला राहतो. हे निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याचा दिनक्रम ठरून गेलाय. पहाटे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन वेताळ टेकडी, येताना भाजी, मग गच्चीवर वाळवणं. कुरडयांचा चीक हे घोटतात, सोऱ्या मी धरते. यंदा अगदी पांढऱ्याशुभ्र झाल्यात. रविवारी मंडईतून आंबे आणतो.

मागच्या पावसाळ्यात टेकडीवर लावलेली अकरा रोपं आम्ही सांभाळतोय. बहावा, पळस, कडुनिंब. त्यातल्या दोन बहाव्यांची पानं कडेनं करपायला लागलीत. बोटभर माती उकरली की खाली नुसता मुरूम. पाणी ओतलं की उतारावरून निघून जातं. पाऊस यायला जूनचा दुसरा आठवडा तरी उजाडेल, आणि माझ्या गुडघ्यांमुळे रोज दोन फेऱ्या झेपत नाहीत. काल एका रोपाचा शेंडा हातात घेतला तर कुरकुरीत लागला. फार वाईट वाटलं.

मुळाशी मडकं पुरून पाणी झिरपवतात, ते कुणी टेकडीवर करून पाहिलंय का? आमच्याकडे चार लहान मडकी आहेत. बुडाला भोक पाडून वात घालायची की तशीच पुरायची? रोपापासून किती अंतरावर? गिरिपुष्पाचा पालापाचोळा तिथे भरपूर आहे, पण आच्छादनाला वापरला तर वणव्याची भीती वाटते. पाणी रोज थोडं द्यावं की दिवसाआड भरपूर?

ज्यांनी रोपं जगवलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सकाळी कुणी सोबत येणार असेल तर एक कॅन जास्तीचा आहे.