काढून टाकलं म्हणून खपलं

जुन्याच वस्तूतून नवी वस्तू कशी खपते, या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘एमपी३ प्लेअर आधीच होते, आयपॉडने नुसता चकचकीत डबा विकला’. हे म्हणणं अर्धंच पटलं. प्लेअर होते, खरंय. पण २००३ मध्ये ॲपलनं ९९ सेंटला एकेक गाणं विकणारं ऑनलाइन दुकान आयपॉडला जोडलं आणि खरा बाजार तिथं उभा राहिला.

वॉकमनचं, म्हणजे सोनीच्या खिशातल्या कॅसेट प्लेअरचं, नाव मात्र या चर्चेत अजून कुणीच काढलं नाही. सोनीकडे पत्रकारांसाठी ‘प्रेसमन’ नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. १९७९ मध्ये त्यातलं रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला, स्टिरिओ आवाज आणि हलका हेडफोन दिला, तोच वॉकमन. रेकॉर्ड न करणारा टेप घेणार कोण, अशी शंका कंपनीतल्याच लोकांना होती. पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती, शिवाय एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. एकट्यानंच ऐकत बसणं लोकांना उद्धटपणाचं वाटेल, ही धास्ती! (आज कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी बघा, नवरा-बायको शेजारी चालतात आणि दोघांच्या कानात वेगळं काहीतरी वाजत असतं.)

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, “ह्यात आणि काय काय येतंय?” तिथं दोन गोष्टी काढून नवं मॉडेल करूया म्हटलं, तर शेडमालक चहा पाजून वाटेला लावेल.