जपान: एक दिवस लाकूडकाम आणि साके. हाकोने की ताकायामा? सल्ला हवा

खडूस_प्रवासी
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुक्काम नागोयात, एक अख्खा दिवस मोकळा. आम्ही दोघं, सासूबाई (शाकाहारी, दारू वर्ज्य) आणि १४ वर्षांची मुलगी. स्वतःच्या हाताने लाकडाचं काहीतरी करायचंय, मग नीट साके (तांदळाची जपानी दारू) चाखायचीय. दुकानदारी नको. सगळे हाकोने सुचवतात. जाणकारांनी सांगा.

सुतारपक्षी
नागोयाहून हाकोनेला कशाला? तिथल्या योसेगीच्या वर्गात रंगीत लाकडाचे तयार तुकडे गोंदाने जोडून कोस्टर करतात. दिसतो सुरेख, पण हत्यार हातात येत नाही. ताकायामा गाठा. ‘हिदा’ एक्स्प्रेसने साधारण अडीच तास. ताकायामाच्या भागातला हा जुना हिदा प्रांत डोंगराळ, पिकापाण्याला बेताचा. आठव्या शतकातल्या कायद्याने त्याचा मालाच्या रूपातला कर माफ केला आणि बदल्यात राजधानीला सुतार मागितले, दर ५० घरांमागे १०. सुतारकी तिथे तेव्हापासूनची आहे.

दोन तासांत जमेल असं काम म्हणजे चॉपस्टिक. चौकोनी पट्टी एका साच्याच्या खाचेत ठेवतात. खाच एका टोकाला उथळ होत जाते, त्यामुळे रंधा मारत गेलं की पट्टी आपोआप निमुळती होते. रंधा साच्याला टेकला आणि ढलपी निघायची थांबली की ती बाजू झाली. पट्टी फिरवायची, चारही बाजू, मग कोपरे मारायचे, शेवटी पॉलिश पेपर आणि तेल.

बिघडतं ते दोन ठिकाणी. आपला रंधा ढकलायचा असतो, जपानी ‘कान्ना’ अंगाकडे ओढायचा. नवखा माणूस मनगटाने ओढतो, मग पातं उड्या मारतं. कोपर अंगाशी ठेवून कमरेतून मागे सरका. दुसरं, लाकडाच्या रेषेच्या उलट ओढलं की तुकडाच उपटून येतो. अशा वेळी जोर लावू नका, पट्टी उलटी धरा. पातं जास्त बाहेर आलं असेल तर रंध्याच्या लाकडी ठोकळ्याच्या मागच्या बाजूला हातोडीने हलके टोले द्या, ते आत जातं. हे मात्र शिकवणाऱ्याला करू द्या. लांबीही आधीच ठरवून घ्या: अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून टोकाटोकातलं अंतर मोजा, त्याची दीडपट.

‘इचिई इत्तोबोरी’ म्हणजे तिथलं कोरीवकाम पाहायचं, जमलं तर विकत घ्यायचं. दोन तासांत शिकू म्हणाल तर बोट कापून याल.

घाटावरची
एक भर. लाखेचा, म्हणजे उरुशीचा वर्ग घेणार असाल तर ओली उरुशी अंगावर उठते. ती बिब्ब्याच्याच कुळातली. ज्यांना बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकाने फोड येतात त्यांनी लांबच राहावं. वाळून पक्क्या झालेल्या भांड्यांचा सहसा त्रास नसतो.

कोजीबुवा
सुतारपक्षींशी सहमत. क्रम मात्र मोडू नका: आधी हत्यार, मग प्याला. वर्ग सकाळी ११ वाजताचा घ्या (आरक्षण करूनच जा), साके दोननंतर. सानमाची या जुन्या पेठेत साकेचे कारखाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, पण पाचच्या सुमारास पेठ मिटते. सायकल भाड्याने घेऊ नका. पिऊन सायकल चालवण्यावरची शिक्षा नोव्हेंबर २०२४ पासून कडक झाली आहे.

फेब्रुवारी उत्तम. साके थंडीत गाळतात, कारखान्याच्या दारावर टांगलेला देवदाराच्या पाल्याचा गोळा तेव्हा हिरवा असतो, म्हणजे नवी साके आली. प्रत्यक्ष कारखान्याच्या आत जाणार असाल तर त्या दिवशी हॉटेलच्या न्याहारीत नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाऊ नका. त्यातले जिवाणू साकेसाठी भातावर वाढवलेल्या कोजी बुरशीचा खेळ बिघडवतात, म्हणून आत घेत नाहीत.

चाखताना सुगंधी ते जड असं जा: दाइगिन्जो, गिन्जो, मग जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली), शेवटी गेन्शु (पाणी न मिसळलेली) आणि निगोरी (गढूळ). उलट गेलात तर दाइगिन्जो पाणी लागेल. बाटलीवरचा ६० टक्के हा आकडा तांदूळ घासल्यावर उरलेला भाग सांगतो, घासून काढलेला नव्हे. गिन्जोला ६० किंवा कमी, दाइगिन्जोला ५० किंवा कमी. ‘साके अंश’ हा आकडा अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोडसर. गिन्जो गार, दहा अंशांच्या आसपास. जुनमाई एकदा चाळीस अंशांवर कोमट मागून बघाच. ३० मिलीचे पाच प्याले, १५ टक्क्यांची साके, म्हणजे अर्धा लिटर बिअरच्या किंचित खाली. दर प्याल्यामागे तेवढंच पाणी प्या.

मुलीला चाखायला देणार नाहीत, तिथे वय २० लागतं. सासूबाईंना अमाझाके हे तांदळाचं गोड पेय द्या, पण ‘कोजीची का?’ हे विचारून. साके गाळल्यावर उरलेल्या चोथ्यापासून केलेल्यात थोडी दारू असते.

घाटावरची
जेवणात दाशी म्हणजे माशाचं पाणी कुठेही लपलेलं असतं, मिसो सूपमध्येही. पेठेत मितराशी दांगो मिळतात, तांदळाच्या गोळ्या सोया सॉस लावून भाजलेल्या. ताकायामात त्या गोड नसतात. सासूबाईंचा डबा सोबत असलेला बरा.

खडूस_प्रवासी
ताकायामा पक्कं! साके प्यायचा तो चौकोनी लाकडी मासु घ्यावा का? आणि बाटल्या किती आणता येतील?

सुतारपक्षी
मासु घ्याच. जपानातले बहुतेक मासु ओगाकीत, म्हणजे ताकायामा ज्या गिफु प्रांतात आहे तिथेच होतात. एका ‘गो’चा, १८० मिलीचा घ्या. कोपऱ्यातल्या दातेरी खाचा एकमेकींत घट्ट बसल्यात का बघा, फट असेल तर झिरपतो. साबण नको, लाकूड वास धरून ठेवतं. कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसा आणि सावलीत आडवा ठेवून वाळवा. पालथा घातला तर आत दमट राहून बुरशी येते.

कोजीबुवा
आणि मासुत गिन्जो ओतू नका, मासुच्या हिनोकी लाकडाच्या वासाखाली तिचा सुगंध मरतो. जुनमाई चालते.

भारतात माणशी दोन लिटर करमुक्त. म्हणजे प्रत्येकी ७२० मिलीच्या दोन, नाहीतर १.८ लिटरची एक. चेक-इन सामानातच टाका. ‘नामा’ लिहिलेली न तापवलेली साके मात्र तिथेच संपवा, तिला सतत फ्रिज लागतो.