शिक्षकांचं मानसिक आरोग्य प्रशिक्षण, शनिवारी मलाच घ्यायचंय. मदत हवी आहे

नदीकाठची_बाई
नमस्कार. येत्या शनिवारी शाळेत मुलांच्या मानसिक आरोग्यावर शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. ते मीच घ्यायचं, असं मुख्याध्यापकांनी काल सांगितलं. गेल्या वर्षी तालुक्याला मी अशा प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून माझं नाव. तिथं दिवसभर पीपीटी बघितली, व्याख्या उतरवून घेतल्या, सह्या केल्या आणि घरी आलो. पण वर्गातलं पोरगं अचानक गप्प झालं तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणी सांगितलं नाही. मला तसलं प्रशिक्षण घ्यायचं नाही. कुणाकडं चांगलं तयार काही असेल तर आजच द्या.

रंकाळ्याचा_वारा
बाई, शिक्षक किती? वेळ किती? प्राथमिक का हायस्कूल? शाळेत समुपदेशक आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय देणार?

निवृत्त_गुरुजी
३४ वर्षांचा अनुभव सांगतो. परिपाठानंतर रोज दहा मिनिटं प्राणायाम आणि ओंकार घ्या. माझ्या वर्गात याचा फार फायदा झाला. वेगळ्या प्रशिक्षणाची गरज पडत नाही.

चौथा_तास
गुरुजी, तुमचा मान राखून बोलतो. प्राणायाम चांगलाच, पण घरात रोज मार खाणारं पोरगं दहा मिनिटं डोळे मिटून बसलं तर घर बदलतं का? आणि शिक्षकांनी किती करायचं? बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आम्ही, पोषण आहाराच्या नोंदी आम्ही, ऑनलाइन माहिती आम्हीच भरायची. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं समुपदेशक नेमा. तो मागा आधी.

पायरीवरची
सर, तोच निकाल पुढं वाचा. शिक्षक आणि शिक्षकेतर, दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे आणि ते या क्षेत्रातल्या पात्र माणसानं. म्हणजे बाईंनी एकटीनं घ्यावं असं त्यात कुठंच नाही. समुपदेशक येईल तेव्हा येईल, पोरं तर उद्या वर्गात बसणार आहेत.

निवृत्त_गुरुजी
मारणाऱ्या घरात मी स्वतः जाऊन बोललोय, चौथा_तास. आम्ही घरभेटी करत होतो. आता पालक ग्रुपवर मेसेज टाकला की झालं, असं चाललंय.

नदीकाठची_बाई
२२ शिक्षक, पाचवी ते दहावी, दोन तास. समुपदेशक नाही. घरभेटीचं गुरुजींचं पटलं.

शिक्षणप्रेमी
मानसशास्त्रात एम.ए. करायचं असेल तर शिवाजी विद्यापीठात चौकशी करा, पुढं उपयोग होईल.

रंकाळ्याचा_वारा
त्यांना शनिवारचं पाहिजे ओ. बाई, शाळेत काही घडलंय का? एवढी घाई कशाची?

नदीकाठची_बाई
आधीच सांगायला पाहिजे होतं. आमचं पंचगंगेकाठचं गाव पुरात जातं. २०१९ला गेलं, २०२१ला गेलं. सातवीत एक मुलगा आहे. पावसाचा जोर वाढला की तो वह्या-पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो, तोंडाला गाठ मारतो आणि पिशवी मांडीवर घेऊन बसतो. फळ्याकडं बघत नाही, खिडकीकडं बघतो. परवा गणिताच्या सरांनी सगळ्यांसमोर ती पिशवी हिसकावून उघडली. पोरगं थरथरायला लागलं आणि त्याची चड्डी ओली झाली. वर्ग हसला. सर वाईट नाहीत. त्यांना वाटलं नाटक करतोय. ते स्वतः स्टाफरूममध्ये रडले. मुलगा तेव्हापासून शाळेला आला नाही.

ओली_पाटी
मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. आधी त्या मुलाचं. घरी जा, गणिताच्या सरांना बरोबर घ्या, सरांनी आईवडिलांसमोर त्याची माफी मागावी. वर्गाशीही बोला, तो नसताना त्याचं नाव घेऊन नको. पुराबद्दल बोला, बरीच पोरं स्वतःहून बोलतील. पिशवी त्याच्याकडं राहू द्या, तिच्यामुळं त्याला धीर येतो. पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की गावात सगळे बोलतात, शाळाच तेवढी गप्प असते. आज पाणी किती आहे, गरज पडली तर कुठं जायचं, हे बाईंनी सकाळी वर्गाला सांगितलं तरी त्याच्या पोटातला गोळा जरा कमी होतो.

आता प्रशिक्षण. आजारांची नावं शिकवू नका, शिक्षकांनी निदान करायचंच नाही. आधी बदल बघायला शिकवा: नेहमीचा बाक सोडला, डबा तसाच नेला, अक्षर बिघडलं, मित्र तुटले, दर सोमवारी पोटात दुखतं. मग शिक्षकांच्याच जोड्या करा, एकानं शिक्षक व्हायचं, दुसऱ्यानं मुलगा. शिक्षकानं "का केलंस?" हा प्रश्न वापरायचा नाही. "दोन-तीन दिवस तू गप्प दिसतोस, काय चाललंय?" एवढं विचारायचं आणि थांबायचं. ते थांबणं शिक्षकांना सगळ्यात अवघड जातं, म्हणून अर्धा तास त्यालाच द्या.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. मुलगा जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात खूळ भरत नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणं कळवणं बंधनकारक आहे, गावात मिटवायचं नाही. टेली मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८ हे नंबर स्टाफरूममध्ये चिकटवा. दोन्ही मोफत आहेत, १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

चौथा_तास
हे पटलं. फक्त शिक्षकांनाही बोलायला वीस मिनिटं ठेवा. त्या गणिताच्या सरांचं काय होत असेल?

आई_कसबा_बावडा
माझा नववीतला मुलगा मोबाईल सोडत नाही, जेवतानाही हातात असतो. काय करावं?

पायरीवरची
ताई, वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू.

नदीकाठची_बाई
ओली_पाटी, उपकार झाले. आज सर आणि मी त्याच्या घरी गेलो होतो. तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. सर उंबऱ्यातच बसून बोलले. निघताना आई म्हणाली, सोमवारी पाठवते, पण पिशवी घेऊनच येईल. सरांनी मान हलवली. प्रशिक्षणाचं मात्र एकटीला झेपेल असं वाटत नाही. पात्र माणूस पाहिजे, हे मुख्याध्यापकांना पटलंय. तुम्ही शनिवारी येऊ शकाल का?

ओली_पाटी
येते. शाळा कुठल्या गावात आणि किती वाजता, ते मेसेज करा.