मदत हवी आहे: 'ब्रदर्स' मोबाइलवर – दोरीची चढाई आणि शेवटची नदी

धागाकर्ता:
'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' फोनवर खेळतोय. दोन जागी गाडी अडली आहे.

एक, दोघे भाऊ एकाच दोरीने बांधलेले असतात ती चढाई. पुढची पकड मिळायच्या आतच दोघेही खाली.

दोन, शेवटी एकट्या धाकट्याला पार करायची असते ती नदी. तो काठाशी जातो, पण पोहत नाही. उजवं बटण दाबून ढिम्म फरक पडत नाही. चेकपॉइंटपासून पुन्हा सुरू केलं तरी तेच. बग आहे का? पात्रांची भाषा बनावट आणि सबटायटल्स नाहीत, त्यामुळे कोण काय सुचवतंय तेही कळत नाही. व्हिडिओ नको, काय दाबायचं तेवढं सांगा.

कोडेबाज:
आधी दोरी. डावा अंगठा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा, हे पक्कं. थोरल्याने धरलं असेल तर डावं बटण सोडायचंच नाही. उजवी जॉयस्टिक डावी-उजवीकडे ढकलून धाकट्याला झोका द्या, पकडीजवळ आला की उजवं बटण दाबून धरा. त्याचा हात बसलेला दिसल्यावर डावं सोडा. बहुतेक जण झोका घेतानाच डावा अंगठा नकळत उचलतात, तिथेच दोघे पडतात. दोरी अपुरी पडत असेल तर आधी मागच्याला पुढे आणा.

आणि धाकटा स्क्रीनच्या डाव्या बाजूला गेला की हमखास गोंधळ होतो. मोकळी जागा मिळाली की थोरल्याला परत डावीकडे घ्या.

अडगळ:
नदीचं उत्तर देतो. रहस्यभेद आहे, शेवट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

बग नाही. धाकट्याला पोहता येत नाही, आतापर्यंत तो थोरल्याच्या पाठीला धरूनच पाणी ओलांडत आला. आता थोरला नाही. उजव्या जॉयस्टिकने धाकट्याला पाण्याकडे न्या आणि डावं, म्हणजे थोरल्याचं बटण दाबून धरा. पलीकडे पोचेपर्यंत सोडू नका. पुढे जड लिव्हर लागेल, तो आधी थोरलाच ओढायचा. तिथेही डावंच बटण.

धागाकर्ता:
पार झालो! लिव्हरही ओढला. काही बोलायला सुचत नाहीये. आभार.

मनीमाऊ:
माझी दोन मुलं एकेक अंगठा वाटून खेळली तर चालेल का?

अडगळ:
चालेल, गेम अडवणार नाही. पण २०१३चा मूळ गेम एकट्यानेच खेळायला बनवला आहे, दोघांसाठीचा पर्याय २०१९च्या निन्टेन्डो स्विच आवृत्तीत आणि मग २०२४च्या रीमेकमध्ये आला. थोरल्याचा अंगठा शेवटी रिकामा पडतो, ते एकाच माणसाच्या हाताला जाणवायला हवं. वाटून खेळलात तर डावीकडच्या मुलाला वाटेल की आपली पाळी संपली. पहिल्यांदा तरी आळीपाळीने, एकेकट्याने खेळू द्या.