तालुका टाकला की क्वेरी स्लो, नुसतं गाव टाकलं की फास्ट, हे काय?

म्हापसेकर: नमस्कार, इथे गेस्टहाऊसच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो, डेटाबेस पोस्टग्रेस १५, डिस्क जुनी हार्डडिस्क. बुकिंगचं टेबल ६ लाख रो, त्याला पेमेंटचं टेबल जॉइन. नुसतं गाव = मोरजी टाकलं तर सेकंदभरात येतं, पण स्क्रीनवरून जातं तसं तालुका = पेडणे आणि पिनकोड पण टाकला की ४० सेकंद! अट वाढवली तर काम कमी व्हायला पाहिजे ना? तिन्ही कॉलमवर इंडेक्स आहेत, मालक म्हणतो रॅम वाढव. चवथीनंतर सीझन सुरू होतोय.

फोंडेकर: रॅम राहूदे. आधी अ‍ॅनालाइझ चालव (टेबलाची आकडेवारी ताजी होते), मग दोन्ही क्वेऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ बफर्स लावून बघ, म्हणजे क्वेरी कशी चालते ते दिसेल: बुकिंगच्या नोडवर (टप्प्यावर) अंदाजाचे रो किती, खरे किती.

म्हापसेकर: स्लोवालीत अंदाज ४०५, खरे १८,०००, वर नेस्टेड लूप (एकेका बुकिंगसाठी पेमेंट वेगळं शोधणं), पेमेंटच्या इंडेक्स स्कॅनला लूप्स १८,००० आणि रीड भरमसाट. नुसत्या गावाला अंदाज बरोबर येतो आणि हॅश जॉइन (एका टेबलाची यादी मेमरीत करून दुसरं एकदाच जुळवणं) लागतो.

कोडकार: रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे वाचायचा धरलेला खर्च) ४ वरून १.१ कर, आमचं त्यानेच सुटलं.

फोंडेकर: ते एसएसडीला रे, हार्डडिस्कवर इंडेक्स स्कॅन आणखी स्वस्त वाटायला लागला तर उलट नेस्टेड लूपच जास्त येणार.
म्हापसेकर, गोम अशी की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) प्रत्येक अट सुटी धरतो. समज पेडणे १५ टक्के, तो पिन १५ टक्के, मोरजी ३ टक्के, तिघांचा गुणाकार करून ६ लाखातले बरोब्बर ४०५ उरतात, म्हणून तो थोड्या रोंना परवडणारा नेस्टेड लूप निवडतो. पण मोरजी म्हटलं की पेडणे आलंच, मोरजी काय सासष्टी तालुक्यात असणार? हे त्याला सांगावं लागतं: क्रिएट स्टॅटिस्टिक्स, प्रकार डिपेन्डन्सीज (कुठला कॉलम कुठल्यावर अवलंबून ते), तिन्ही कॉलम देऊन, आणि मग परत अ‍ॅनालाइझ, नाहीतर काहीच होत नाही. आवृत्ती १० पासून आहे हे. नेस्टेड लूप सेटिंगमधून बंद करून बघायला हरकत नाही, पण फक्त तुझ्या सेशनमध्ये, सर्व्हरवर तसं ठेवू नको.

म्हापसेकर: झालं! अंदाज १८ हजारच्या जवळ, हॅश जॉइन, सेकंदाच्या आत. देव बरें करूं.

फोंडेकर: एक बघ, कोणी तालुका बार्देश आणि गाव मोरजी असं टाकलं तर ह्या प्रकारात अंदाज उगाच मोठा येतो, कारण तो जोडी जुळते असंच धरून चालतो. तसं होत असेल तर एमसीव्ही (जास्त वेळा येणाऱ्या जोड्यांची यादी) प्रकार लाव, तो १२ पासून आहे.

म्हापसेकर: आमच्याकडे तालुका निवडला की त्यातलीच गावं ड्रॉपडाउनमध्ये येतात, सो चालेल.