हरसेल्फ: रिफ्लेक्झिव्ह की एम्फॅटिक?

प्रश्न (कोथरूड, पुणे): आठवीतल्या मुलीचा इंग्रजीतल्या 'हरसेल्फ'चा प्रकार ओळखताना गोंधळ होतो: रिफ्लेक्झिव्ह (क्रिया करणाऱ्यावरच होते) की एम्फॅटिक (नुसता जोर देणारा). शब्द तर तोच! खूण काय?

उत्तर १: शब्द झाकून वाचायला सांगा. 'शी हरसेल्फ पेंटेड द गेट' झाकूनही पूर्ण वाटतं, म्हणून एम्फॅटिक. 'शी हर्ट हरसेल्फ'मध्ये तो कर्म आहे. झाकला की कोणाला लागलं तेच कळत नाही. तो रिफ्लेक्झिव्ह.

उत्तर २: मराठीत म्हणून बघा. 'स्वतः' म्हणजे एम्फॅटिक, 'स्वतःला' म्हणजे रिफ्लेक्झिव्ह. खरे मार्क जातात ते रूपांत. 'माय'वरून 'मायसेल्फ', म्हणून मुलं 'हिजसेल्फ', 'देअरसेल्व्ह्ज' लिहितात. बरोबर रूपं 'हिमसेल्फ', 'देमसेल्व्ह्ज'.

उत्तर ३: 'रवी अँड मायसेल्फ वेंट टू स्वारगेट' हेही चूक. कर्त्याच्या जागी 'आय'च हवं.